खडकाचा मंगळवार

"मॅडम, खडक आज सुट्टीवर हाय," निंबार्ते म्हणाला आणि त्यानं पडदा माझ्याकडे वळवला.

दुपारचे साडेचार वाजले होते. रोज या वेळेपर्यंत पडद्यावरच्या दाबाच्या रेघेला घसरगुंडी पडलेली असायची. बारा वाजता रेघ खाली वाकायची आणि चारच्या सुमाराला पुन्हा सावरायची. आज ती सकाळपासून जवळजवळ आडवी होती.

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हणाले.

"तीनदा पाह्यलं जी. यंत्र ठणठणीत हाय. खडकानंच रजा टाकली."

मला हसू आलं नाही. तीन दिवसांवर आमची परीक्षा होती, आणि वाईट बातमीपेक्षा न समजणारी चांगली बातमी मला जास्त घाबरवत होती.

कवडीटोल्याची मँगनीजची खाण बंद होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांवर आता सौर पॅनेल उभी होती. भंडारा जिल्ह्यातलं ऊन ते. भरदुपारी वीज इतकी तयार व्हायची की घ्यायला कोणी नसायचं, आणि दिवेलागणीला सगळ्यांना हवी असायची तेव्हा पॅनेल गप्प. म्हणून दिवसाच्या विजेवर कॉम्प्रेसर चालवायचा, खाणीच्या एका जुन्या बोगद्याची तोंडं बुजवून त्यात हवा कोंबायची आणि संध्याकाळी तीच हवा टर्बाइनवर सोडून वीज परत मिळवायची, असा आमचा प्रयोग होता. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतात तसंच, फक्त ट्यूब दगडाची आणि सत्तर मीटर खोल. हे जमलं तर पुढच्या टप्प्यात याच विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढून तोही जमिनीखाली ठेवायचा होता.

पण आधी दगडाची ट्यूब हवा धरते हे दाखवायला हवं होतं. दिवसाला शंभरातला एक भाग हवा गेली तर चालणार होतं. आमची एक पूर्णांक आठ दशांश जात होती. शुक्रवारी दिल्लीहून तपासणी होती, बहात्तर तासांची. नापास झालो तर हा प्रयोग कवडीटोल्यातून उठून दुसऱ्या राज्यातल्या खाणीत जाणार होता.

मी तेवीस वर्षांची होते, मूळची कराडची, भूभौतिकीत एम.एस्सी. झालेली. ही माझी पहिली नोकरी. हवा कुठून जाते ते शोधणं, एवढंच माझं काम होतं. आणि मी ते शोधून काढलं आहे, अशी माझी आठवडाभर पक्की समजूत होती.

वातावरणाचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. दुपारी चारच्या आसपास तो सगळ्यात कमी असतो. माझं म्हणणं असं, की दुपारी वरचा दाब हलका झाला की खडकातल्या बारीक भेगा उघडतात, हवा बाहेर पडते, आणि संध्याकाळी त्या मिटतात. वेळ जुळत होती. मी अकरा पानं लिहिली, त्यात चार आलेख. आमचे प्रकल्पप्रमुख वझलवार सर नागपूरहून आले, त्यांनी ती पानं एका बैठकीत वाचली आणि म्हणाले, "साबळे, म्हणजे हा खडक श्वास घेतोय!" दुसऱ्या दिवशी अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरात 'श्वास घेणारा खडक' असं छापून त्यांनी तो दिल्लीला पाठवलासुद्धा.

आणि आता खडकानं श्वास बंद केला होता.

मी मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी उलगडल्या. असा आडवा दिवस आणखी दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी समासात 'यंत्रदोष?' असं लिहून पुढे गेले होते. तारखा पाहिल्या. चौदा, एकवीस आणि आज अठ्ठावीस.

"निंबार्ते, चौदाला कोणता वार होता?"

"मंगळवार."

"एकवीसला?"

"मंगळवारच असन नं जी, सात दिवसानं."

"खडकाला मंगळवार कसा काय कळतो?"

निंबार्तेनं डोकं खाजवलं. तो कवडीटोल्याचाच. कॉम्प्रेसर त्याच्या हाताखाली असा चालायचा, की जणू घरची म्हैस. "मंगळवार त इथं समद्यायलेच कळते," तो म्हणाला. "बाजार राह्यते. गावात माणूस नाही उरत. खडकही गेला असन वांगे घ्याले."

तो स्वतःच्या विनोदावर हसत राहिला आणि मी खुर्चीतून उठले.

"निंबार्ते, हवा खडक सोडत नाही. कोणीतरी माणूस सोडतंय. रोज बारा ते चार. आणि मंगळवारी तो माणूस बाजाराला जातो."

त्याचं हसू थांबलं. "चोरी म्हणता काय? हवेची?"

"काय ते मला माहीत नाही. टेकडीवर आपण कुठे कुठे फिरलो होतो?"

"समदीकडं. साबणाचं पाणी घेऊन दगड न् दगड पाह्यला. तुमीच होत्या संग."

"किती वाजता?"

"सकाळी सात ते दहा. नंतर ऊन नाही का होत?"

बारा ते चारचा चोर आम्ही सात ते दहा शोधत होतो.

"उद्या दुपारी जाऊ," मी म्हणाले. "मागच्या उतारापासून सुरुवात करू."

निंबार्ते एकदम गंभीर झाला. "मागच्या उताराले मी नाही येणार."

"का?"

"थिकडं दुपारी माही सासू बसते, बायका घेऊन. बिड्या वळतेत. सासू बसली असन थिथं जवायानं जाऊन उभं राहाचं काय? थ्यायले डोक्यावर पदर घ्या लागते, काम सोडून उठा लागते. चांगलं नाही दिसत."

"म्हणजे तिकडे तू कधीच गेलेला नाहीस?"

"लग्नाले नऊ वर्सं झाले. दुपारचा नाही गेलो."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी एकटी निघाले. डोक्याला आणि तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळला होता. निंबार्तेनं आग्रहानं खिशात कांदा ठेवायला लावला होता. त्यानं ऊन लागत नाही, असं इकडे मानतात. पारा सेहेचाळीसवर होता. ढिगाऱ्याला वळसा घालून मागच्या उतारावर येईपर्यंत दुपट्टा वाळून कडक झाला.

पळसाच्या झुडपांमागे जमीन खोलगट होती. तिथून हसण्याचा आवाज आला. मी डोकावले. सात-आठ बायका मांडीवर सुपं घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. बोटं चालू, तोंडं त्याहून चालू. मधोमध एक साठीची बाई बसली होती, आणि कोणाच्याच अंगावर घामाचा थेंब नव्हता.

"ये वो बाई, ये! कायले उन्हात उभी राह्यली?" साठीची बाई म्हणाली. "पोरीहो, सरका जराशा. हापिसातली बाई हाय."

मी बसले, आणि माझ्या पाठीला थंडगार वारं लागलं.

पंख्याचं नाही. पंख्याचं वारं त्या दिवसांत भट्टीसारखं असायचं. हे माठातल्या पाण्यासारखं गार, सलग, एका बाजूनं येणारं. मी मागे वळून पाहिलं. दगडाच्या खोबणीत मूठभर रुंदीचं भोक होतं. शेजारी चिंध्यांचा एक गोळा, ओल्या मातीचा लादा आणि एक चपटा दगड नीट मांडून ठेवलेला.

मी पिशवीतून तापमापक काढून भोकाशी धरला. सत्तावीस पूर्णांक नऊ. बोगद्यातल्या हवेचं तापमान मी रोज सकाळी वहीत लिहीत होते: सत्तावीस पूर्णांक चार.

"ताप पाह्यते वो बाई भोकाचा!" एक तरुण बाई म्हणाली आणि सगळ्या खळखळून हसल्या.

"कौतिकाबाई म्हणजे तुम्हीच ना?" निंबार्तेनं सांगितलेलं नाव आठवून मी साठीच्या बाईंना विचारलं. "निंबार्तेच्या सासूबाई?"

जावयाचं नाव निघताच त्यांनी नकळत पदर सारखा केला. "हाव. जवाईबापू बरे हायत नं?"

"बरे आहेत. आजी, हे काय आहे?"

"हा आमचा कूलर. लाईट जावो का राहो, हा चालूच. चैत्रात एक दिवस बकऱ्या इथून उठतच नोहोत्या. मंग मी पाह्यलं. लाईटवाल्यायनं खाली काही कराले घेतलं तवापासून खडकातून वारा येते. देवानं देल्ला म्हणा, नाहीत सरकारनं."

"आणि हा गोळा कशाला?"

"चार वाजता उठलो का भोक बुजवून टाकतो. वाया कायले घालवाचं? घरचा कूलर बंद नाही करत का आपण?"

त्यांच्या त्या टापटिपीमुळेच माझी रेघ चारच्या ठोक्याला सावरत होती.

"आजी, चेहरा आत्ता ओळखला. पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला हातपंपावर विचारलं होतं. आठवतं? इथे कुठे गळती दिसली का म्हणून?"

"आठवते नं. मी बोलली का उन्हाळ्यात कायची गळती? पावसाळ्यात ये, माह्या घरी दाखवतो, तीन जागी गळते."

"आम्ही पाटीही लावली होती. परिसरात गळती आढळल्यास कळवावे."

"वाचली नं, पोरीनं वाचून दाखवली." कौतिकाबाईंनी एका बिडीचं टोक दुमडलं. "पण बाई, हे गळते काय? गळते थे पाणी. हा त वारा हाय. वारा वाह्यते."

पाटी मीच लिहिली होती. चार शब्दांची.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बोगदा, हवा, संध्याकाळची वीज, शुक्रवारची तपासणी. सायकलच्या ट्यूबपाशी आले तेव्हा सगळ्यांची बोटं थांबली होती.

"म्हंजे आमी तुमची ट्यूब पंचर केली," ती तरुण बाई म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

"हे नापास झालं त काय होईन?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"प्रयोग इथून जाईल."

"जवाईबापूची नोकरी?"

"तीही."

कौतिकाबाई उठल्या. चिंध्यांचा गोळा भोकात कोंबला, त्यावर मातीचा लादा थापला, वर दगड ठेवला. खोलगटात एका क्षणात उन्हाळा शिरला. बायकांनी सुपं उचलली. कौतिकाबाई म्हणाल्या, "चाल, बाकीचे दोन दाखवतो."

"बाकीचे?"

"तीन होते नं. खालून वरतं घंटी वाजवाची तार याच भोकायतून येत होती. माह्या मालकानं सोता पाडले, मी पाणी वाह्यलं त्यायच्यासाठी. मिस्त्री मालकाले बोलला, पाड झिबल, त थ्यायनं पाडले. कागदावर कोण लिहिते?"

आमच्याकडे खाणीचे एकोणीस नकाशे होते. एकाही नकाशात ही भोकं नव्हती.

दुसरं भोक बेहड्याच्या झाडाखाली, पाचोळ्यात दडलेलं निघालं. तिसऱ्याकडे जाताना त्या ढिगारा उतरून सरळ आमच्या ऑफिसकडे चालू लागल्या. ऑफिसमागे पाण्याची टाकी होती. टाकीच्या चौथऱ्याखाली एक पिवळं कुत्रं रात्रंदिवस पसरलेलं असायचं. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. कौतिकाबाईंनी त्याला पायानं हळूच सरकवलं. त्याच्या पोटाखालून वारं येत होतं.

निंबार्ते ऑफिसच्या दारात आला, सासूला पाहून जागीच थबकला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी पदर ओढून त्याच्याकडे पाठ केली. दोघांच्या मध्ये मी.

"जवाईबापूले सांग, सिमिट कालवा म्हणावं."

"सासूबाईले सांगा, कालवलंच समजा."

बेहड्याखालचं आणि टाकीखालचं, दोन्ही भोकं गुरुवारी सिमेंटनं कायमची बुजवली. पळसामागच्या भोकावर कौतिकाबाईंनी सिमेंट घालू दिलं नाही. "थे मी सांभाळतो," त्या म्हणाल्या, "तुमची परीक्षा होऊ द्या, मंग पाहू."

संध्याकाळी मी वझलवार सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"बिड्या वळणाऱ्या बायका," ते म्हणाले.

"हो सर."

"साबळे, दिल्लीला मुखपृष्ठ पोचलंय हो."

"माहीत आहे सर."

"डॉक्टर किबे येताहेत. फार काटेकोर बाई आहेत. असं करू, विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपली रेघ सरळ आहे, तेवढं पुरे. काय?"

मी "हो सर" म्हणाले. माझ्या पहिल्यावहिल्या शोधावर सात-आठ जणी सूप घेऊन बसल्या होत्या, हे अनोळखी माणसाला सांगायची माझी इच्छा नव्हती.

शुक्रवारी बाराला झडपा बंद झाल्या. डॉ. किबे मूळच्या इंदूरच्या, पंचावन्नच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, मराठी बोलायच्या पण मोजकं. त्यांनी दाबमापकांवर स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि भंडाऱ्याच्या विश्रामगृहावरून रोज दोनदा येऊन नोंदी पाहिल्या.

ते तीन दिवस मला रेघेपेक्षा भोकाची काळजी होती. शुक्रवारी दुपारी मागच्या उतारावर गेले, तर कौतिकाबाई चपट्या दगडावर स्वतःच बसलेल्या, डोक्यावर काळी छत्री.

"आजी! इथे कशाला? ऊन केवढं आहे!"

"शेजारच्या टोलीतल्या बायका येतेत इकडं. त्यायले काय मालूम तुमची परीक्षा? आल्या का गोळा काढून बसतीन."

"मी पाटी लावते."

"तुह्या पाट्या राहू दे बाई," त्या म्हणाल्या.

मग मी त्यांच्याबरोबर बसायला लागले. निंबार्ते दर तासाला ताकाचा गडवा घेऊन यायचा, वीस पावलांवरच्या दगडावर ठेवायचा, एकदा खाकरायचा आणि निघून जायचा. मी गडवा आणायचे. त्या अर्धा प्यायच्या, अर्धा मला द्यायच्या. रविवारी सत्तेचाळीस झालं. भोकावर बसलेल्या कौतिकाबाईंच्या कपाळावरून घाम टपटप पडत होता.

"ही घे, आता गळती पाहून घे," त्या कपाळाकडे बोट करून म्हणाल्या.

सोमवारी बाराला बहात्तर तास पुरे झाले. दिवसाला शून्य पूर्णांक तीन. मर्यादेच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. वझलवार सरांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही, कारण डॉ. किबे अजून आलेखाकडे पाहत होत्या. एका हातात नवा आलेख, दुसऱ्या हातात आमचा अहवाल.

"हा चोवीस दिवसांचा जुना आलेख," त्या म्हणाल्या. "जवळजवळ रोज दुपारी घसरण. तुम्ही अकरा पानांत समजावलंत, खडक श्वास घेतो. छान लिहिलंय. आता तीन दिवस श्वास बिलकुल नाही. वातावरणाचा दाब तर या तीन दिवसांतही रोज उतरलाय, मी पाहिलं. खडकाचा श्वास गेला कुठे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोनच गोष्टी होऊ शकतात," डॉ. किबे पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "एक तर आधीचं मोजमाप चुकलं, नाही तर आत्ताच्या मोजमापाला कोणी हात लावला. दोन्हीपैकी काही असलं तरी मला सही करता येणार नाही."

"तिसरीही आहे," मी म्हणाले. "माझा सिद्धान्त चुकला. श्वास वगैरे काही नाही. तिथे भोक होतं."

"भोक बुजवलंत, हे कशावरून? आज सांगताय."

"उघडून दाखवते. तुमच्या चिठ्ठ्या तशाच राहू द्या. निंबार्ते इथे पडद्यासमोर बसेल, आपण टेकडीवर जाऊ. रेघ वाकली तर मी खरं बोलतेय."

डॉ. किबेंनी घड्याळ पाहिलं, मग बाहेरचं ऊन. "चला."

कौतिकाबाई दगडावरच होत्या. आम्हा तिघांना येताना पाहून त्या आनंदानं उठल्या. "पास झाली नं वो?"

"आजी, भोक उघडायचंय."

"काऊन?" त्यांनी छत्री मिटली. "तीन दिवस राखलं थे उघडासाठी? नाही उघडत."

"यांना पाहायचंय. नाही तर त्यांना खरं वाटणार नाही."

"मंग मी खोटं बोलतो काय?"

"तुम्ही नाही आजी," मी म्हणाले. "मी बोलले होते. अकरा पानं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉ. किबेंकडे, मग सरांच्या हातातल्या जाडजूड अहवालाकडे. मग वाकून दगड बाजूला केला, माती खरवडली आणि गोळा ओढला.

वारं आलं. खोलगटातली पानं एका बाजूला लवली. डॉ. किबे भोकासमोर उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, तळवा उलटा-सुलटा केला, मग तिथल्याच एका दगडावर बसल्या. दोन मिनिटं गेली. माझा फोन वाजला.

"मॅडम, वाकली!" निंबार्ते ओरडत होता. "वाकली जी रेघ! अशी वाकली का बस!" मग आवाज खाली आणून, "बाईसाहेबायले सांगा, थे माही सासू हाय म्हणा."

मी फोन डॉ. किबेंच्या कानाला लावला. त्यांनी आकडे विचारले, लिहून घेतले, पुन्हा दहा मिनिटांनी विचारले. आधीच्या चोवीस दिवसांतल्या उताराशी ते जुळत होते.

"ठीक," त्या म्हणाल्या. "पटलं. बंद करा."

पण त्या उठल्या नाहीत. बुचडा सैल करून त्यांनी मान भोकाकडे वळवली. "बंद करा, पण... आणखी दहा मिनिटांनी. नोंदी जरा जास्त असलेल्या बऱ्या."

वझलवार सर लगेच शेजारच्या दगडावर बसले. पेढ्यांचा पुडा त्यांनी बरोबर आणला होता हे तेव्हा कळलं. पहिला पेढा त्यांनी कौतिकाबाईंना दिला आणि अहवाल मांडीखाली घेऊन त्यावर बसले. दगड तापला होता.

"आता इथं सिमिट घालाल," कौतिकाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाजारातून उठताना पथारी आवरावी तसं त्या म्हणाल्या.

पण सकाळपासून माझ्या डोक्यात एक त्रैराशिक घोळत होतं. मी वही काढली.

"मॅडम," मी डॉ. किबेंना म्हणाले, "मर्यादा एकची आहे. आमची हवा जाते शून्य पूर्णांक तीन. उरली शून्य पूर्णांक सात. हे भोक चार तासांत एक पूर्णांक एक घालवतं. म्हणजे याला नळ बसवून रोज दोन तास तेहतीस मिनिटं उघडं ठेवलं, तर आम्ही मर्यादेतच राहतो."

"कशासाठी उघडं ठेवायचं?"

"यांच्यासाठी."

सरांनी तोंडातला पेढा गिळला. डॉ. किबेंनी माझी वही घेतली, आकडेमोड तपासली आणि शेवटी पेन काढून एक दुरुस्ती केली. "मापकांच्या चुकीसाठी काही राखून ठेवायला शिका. दोन तास धरा. नियमात मर्यादा लिहिलीय. हवा कोणाच्या अंगावर जावी, ते लिहिलेलं नाही."

मी कौतिकाबाईंना सांगितलं. रोज दोन तास, पक्का पितळी नळ, आणि किल्ली त्यांच्याकडे.

त्यांनी पेढा पदराला बांधला आणि विचार केला. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील.

"दोनच?"

"आजी, नियम आहे."

"बरं. पण पावसाळ्यात आमाले नाही लागत. हिवाळ्यात त मुळीच नाही. आठ महिन्यायचे दोन-दोन तास उरले का नाही आमचे?"

"उरले," मी म्हणाले.

"मंग थे साठवून ठेव अन् मे महिन्यात देजो. साठवाचंच काम हाय नं तुमचं?"

डॉ. किबे मोठ्यानं हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. वझलवार सर मात्र हसले नाहीत. ते पुढे सरकून अगदी मनापासून समजावू लागले. "असं आहे आजी, हवा इतके महिने टिकत नाही. दिवसाची संध्याकाळपर्यंत, फार तर आठवडाभर. पावसाळ्यातलं उन्हाळ्यात द्यायचं तर हायड्रोजन लागतो. तो आमचा पुढचा टप्पा आहे. आज ह्या सही करतील, मग मंजुरी, मग विवर, अस्तर, मग—"

"म्हंजे होते," कौतिकाबाई म्हणाल्या.

"होतं, पण वेळ—"

त्यांनी चिंध्यांचा गोळा हातात घेतला. डॉ. किबेंना हातानंच जरा सरकायला सांगून तो भोकात बसवला आणि वरून माती थापली. तिथलं वारं थांबलं, आणि आम्ही तिघं उन्हात आलो.

"मंग उठा नं," त्या म्हणाल्या. "पुढचा मे काही थांबत नाही."